जीवामृताच्या ड्रममध्ये नत्र किती, ते आधी मोजा

सध्या शेतीच्या ग्रुपांवर एकच मेसेज फिरतोय, "एक देशी गाय, ३० एकर शेती. महिन्याला एकरी २०० लिटर जीवामृत सोडा, युरिया-डीएपी आजच बंद करा, हवेतलं ७८ टक्के नत्र जीवाणू फुकट देतात." जीवामृत, म्हणजे शेण, गोमूत्र, बेसन वगैरे पाण्यात आंबवून केलेलं द्रावण, मी स्वतः वापरतो, पुढंही वापरणार, पण हे वाचून कुणी उसाची खतं एकदम बंद केली तर त्याचं अख्खं वर्ष जाईल म्हणून लिहितोय.

३० एकर आले कुठून? २०० लिटरच्या एका ड्रमला १० किलो शेण लागतं, गाय रोज साधारण तेवढं देते, म्हणून महिन्याला ३० ड्रम, एकरी एक. हे ड्रम भरायचं गणित झालं, उसाचं पोट भरायचं नाही. १० किलो ताज्या शेणात नत्र (नायट्रोजन) ३० ते ५० ग्रॅम, ५-१० लिटर गोमूत्रात ५० ते १०० ग्रॅम, दोन किलो बेसनात ७० च्या आसपास, सगळं मिळून पाव किलोच्या आतच, म्हणजे अर्धा किलो युरियाएवढं. सुरू उसाला (हिवाळ्याच्या शेवटी लावलेल्या) शिफारस आहे हेक्टरी २५० किलो नत्राची, एकरी १०० किलो झाले. वर्षभर दर महिन्याला ड्रम सोडला तरी ३ किलो होत नाही हो!

मग म्हणतात जीवाणू हवेतून आणतात. आणतात ना, पण रायझोबियम हा जीवाणू तूर, हरभरा, सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठीत काम करतं, उसात नाही. उसाला अ‍ॅसिटोबॅक्टर आहे, त्याचा हातभार लागतो, पण सगळी गरज भागत नाही. आणि स्फुरद-पालाश (फॉस्फरस-पोटॅश) तर हवेत नसतंच, पीएसबी म्हणजे स्फुरद विरघळवणारे जीवाणू, ते खत जमिनीत अडकलेला स्फुरद मोकळा करतं, नवीन तयार करत नाही.

"एका ग्रॅम शेणात ३०० कोटी जीवाणू." असू देत, खाणार काय ते? जीवामृत हे विरजण आहे, भांड्यात दूधच नसेल तर दही कशाचं लागणार? जीवामृताचा प्रसार करणाऱ्या सुभाष पाळेकरांच्या नैसर्गिक शेती पद्धतीतसुद्धा बीजामृत (बियाण्याला लावायचं), जीवामृत, आच्छादन, वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही राखणं) असे चार भाग आहेत, मेसेजवाल्यांनी त्यातला एकच उचलला. जीवाणूंचं खाणं असलेलं एकरी ३-४ टन पाचट (उसाची वाळकी पानं) पेटवायचं आणि वरून ड्रम सोडायचा, काय उपयोग? आणि पाचट ठेवलं तरी कुजवणारे जीवाणू सुरुवातीला जमिनीतलंच नत्र ओढतात, म्हणून तर त्यावर थोडा युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकायला सांगतात, आणि मेसेज नेमका तोच युरिया बंद करायला लावतो.

"जितकं जुनं तितकं जोरदार" हे पण चूक. सावलीत ठेवा, दिवसातून दोनदा ढवळा, दोन-तीन दिवसांत तयार होतं, आठवड्याच्या आत संपवा. कुजका वास मारायला लागलं की सोडू नका.

खतं कमी करायचीच असतील तर आधी माती तपासा, सेंद्रिय कर्ब (मातीतला कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा अंश) बघा, पाचट कुजवा, उसात हरभरा घ्या, आणि अर्ध्या एकरात पाव हिस्सा नत्र कमी करून वजन काट्यावर बघा. बाकीच्या रानात यंदा नेहमीचंच चालू द्या.