हवा तुमची, पाणी माजं

अंगणातली करडी पूड अजून पायाला लागते आहे. चहाच्या कपाच्या कानात आहे, चष्म्याच्या बिजागरीत आहे, आणि काल गल्लीतलं कुत्रं दारात अंग झाडून गेलं तेव्हा बोअरवर गेलेल्या माझ्या साठ हजार रुपयांपैकी थोडे त्याच्या अंगावरूनही उडाले. ४१० फूट बोअर मारलं. पाणी लागलं नाही असं म्हणायचीही सोय नाही. लागलं. शेजारच्या तात्यांच्या बोअरला.

पुरंदर तालुक्यात निवृत्तीनंतर आम्ही तीन गुंठ्यांत घर बांधलं आणि टँकरला कंटाळून बोअर घ्यायचं ठरवलं. पाणाड्या आला, तळहातावर नारळ आडवा ठेवून फिरला, एका जागी नारळ उभा राहिला. त्यानं अकराशे रुपये घेतले, नारळही घेतला. मग जमिनीत खुंट्या ठोकून वीज सोडणारा मशीनवाला बोलावला. त्यानंही तीच जागा दाखवली, तेव्हा मला शास्त्र आणि श्रद्धा यांचा संगम झाल्यासारखं वाटलं होतं. प्लॉटमध्ये बोअरची गाडी उभी राहील अशी तेवढी एकच जागा आहे, हे लक्षात आलं गाडी आल्यावर. सहाव्या शतकात वराहमिहिरानं झाडं आणि वारुळं बघून पाणी ओळखायचे ठोकताळे लिहून ठेवलेत. माझ्याकडे वारूळ नाही. झाड एकच, शेवगा, आणि त्याच्या शेंगा तात्यांच्या हद्दीत पडतात.

रात्री साडेनऊला गाडी आली. तिरुचेंगोडची. तमिळनाडूतलं हे गाव बोअरच्या गाड्यांसाठीच ओळखलं जातं. आपल्या जमिनीला भोक पाडायला माणसं तिथून येतात. गाडीमागोमाग तात्या आले, स्वतःची खुर्ची घेऊन. निळी, प्लास्टिकची, एका पायाला तार गुंडाळलेली. त्यांनी वाऱ्याची दिशा पाहिली, वरच्या अंगाला खुर्ची टाकली आणि आमच्या हिच्याकडे शेंगदाणे मागितले. मी यजमान म्हणून खालच्या अंगाला, धुळीत.

पहिले पंचवीस फूट मुरूम. तिथवर केसिंग, म्हणजे भोक ढासळू नये म्हणून पाइप, त्याचे पैसे वेगळे. मग काळा पाषाण सुरू झाला आणि गाडीच्या कॉम्प्रेसरच्या हवेनं करडं पीठ उडायला लागलं. नव्वद फुटांवर पूड एकदम तांबडी झाली. तात्यांनी चिमूटभर उचलली, हुंगली आणि जिभेवर ठेवली.

"पाणी हाय."

"कशावरून?"

"चव."

आता यात अगदीच तथ्य नाही असं नाही, म्हणून तर जास्त राग येतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा वाहिला तो एकदम नाही, थरावर थर. मधल्या काळात थराच्या डोक्यावर जी माती झाली ती पुढच्या लाव्ह्यानं भाजून लाल केली. आमच्या ओट्यावरून पुरंदरचा डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो, त्या पायऱ्या म्हणजे हेच थर. पाणी साचतं ते दोन थरांच्या सांध्यात, वरच्या झिजलेल्या खडकात, नाहीतर भेगांमध्ये. थराचा मधला गाभा मात्र सरकारी कचेरीतल्या दुपारच्या कारकुनासारखा, काही आत जात नाही, काही बाहेर येत नाही. म्हणजे पाणी पसरलंय आडवं आणि आपण पाडतोय साडेसहा इंची उभं भोक. भेग चुकली की चुकली. चाळीस फूट पलीकडे तात्यांना पाणी आणि मला पीठ, यात दैवाचा काही संबंध नाही. तरी त्या रात्री मी दैवालाच शिव्या दिल्या.

एकशे ऐंशी फुटांना कुंपणापलीकडे फाड्कन आवाज झाला. तात्यांच्या बोअरचं झाकण उडालं आणि गढूळ पाण्याचं कारंजं शेवग्यापर्यंत गेलं.

"सायेब, पाणी लागलं!" तात्या खुर्चीतून उठले. रात्रभरात एकदाच.

"कुठे?"

"माज्या बोअरला!"

"तात्या, ती हवा माझ्या कॉम्प्रेसरची आहे."

"हवा तुमची, पाणी माजं. म्या कुटं हवा मागितली?"

"अहो, म्हणजे भेग एकच आहे. तेच पाणी माझ्याकडेही यायला पाहिजे."

"यील की. पर आता ते भ्यालंय."

"कोण?"

"पाणी. एवढा दणका दिल्यावर कोण थांबंल हितं?"

माझ्या भोकातून ओली पूड आली, दोन भाकरींचं पीठ मळावं एवढी. मग पुन्हा कोरडी. ड्रायव्हर म्हणाला, "सार, रोकना क्या?" मी तोंड उघडायच्या आत तात्या म्हणाले, "रोकता कायको? मारो. साब के पास पैसा है."

वीस फुटांचा एक रॉड. प्रत्येक रॉड संपला की तात्या म्हणायचे, "आजून येक." फुटाला एकशे दहा, तीनशेच्या पुढे एकशे तीस, पाणी लागो न लागो, पैसे फुटाचे. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या, म्हणजे सुमारे दोनशे फुटांच्या पलीकडची विहीर 'खोल विहीर' ठरते, हे मी नंतर वाचलं. त्या रात्री माझ्याजवळ कायदा नव्हता, तात्या होते.

आमच्या गल्लीत अकरा घरं, नऊ बोअर. दरवर्षी कुणीतरी शेजाऱ्यापेक्षा पन्नास फूट जास्त खाली जातं. आत पाणी जातंय किती, हे कुणी विचारत नाही. अंगणात सगळ्यांनी पेव्हर ब्लॉक बसवलेत, पागोळ्यांचं पाणी पाइपानं थेट रस्त्यावर. माझ्याही अंगणात तेच. ब्लॉकवाल्याला पैसे देताना मी घासाघीससुद्धा केली होती, चांगले स्वस्तात पडले म्हणून. आता हे कुणाला सांगू? ग्रामसभेत बोललो तर म्हणतील, तुमचं कोरडं गेलं म्हणून सुचतंय. ते खरंही आहे.

पहाटे चारला हिशेब केला. तात्यांनी खुर्ची उचलली, शेंगदाण्याची टरफलं तशीच ठेवली.

आज सकाळी त्यांचा नातू घमेलं घेऊन दारात.

"आजोबांनी पूड मागितलीय. भांडी झ्याक निघत्यात."

दिली. तो निघाला आणि फाटकातून परत वळला.

"आन् आजोबा इचारत हुते, आमच्या बोअरला पाणी वाडलंय. तुमची गाडी परत कवा येनार?"