रामन यांच्या पुढचं काय?

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींवरचा तुमचा लेख आवडला, पण अर्धी जागा सी. व्ही. रामन यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना आधी प्रवेश नाकारल्याच्या किश्श्यालाच गेली. तो आता सगळ्यांना पाठ आहे हो! केंब्रिजची पीएचडी (१९३९), मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा, एवढं एका ओळीत उरकलंत. मुंबईच्या विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी डाळी-कडधान्यांतली प्रथिनं, त्यांच्या पचनात अडथळा आणणारे घटक आणि नीरा यांवर काम केलं. नीरेतून कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना स्वस्तात जीवनसत्त्वं, लोह मिळेल, हा त्यामागचा विचार. आमच्या पुण्यात नीरा केंद्रावर उन्हाळ्यात रांग लागते, तिथे त्यांचं नाव किती जणांना माहीत असेल? पुढे सोहोनी मुंबईच्या त्याच विज्ञान संस्थेच्या संचालकही झाल्या. त्या काळावर स्वतंत्र लेख द्या.