मुलगी द्याल का त्या घरात?

परवा जेवण झाल्यावर नेहमीसारखं रंकाळ्याला चक्कर मारायला गेलो होतो. चौघंजण होतो, चहा घेत कठड्यावर बसलो आणि विषय निघाला सिरीजचा. आमच्यातल्या एकानं नुकतंच ‘द सोप्रानोज’, म्हंजे टोनी नावाच्या माफिया डॉनची अमेरिकन सिरीज, संपवलंय, सगळे ८६ एपिसोड, आणि हा गडी छातीवर हात ठेवून म्हणतोय, "भावा, टोनी म्हंजे आपला जीव हाय." मी म्हटलं, बहीण देशील काय त्याच्या घरात? गप्प झाला. मग म्हणतोय, "तसं नव्हं रे, तसलं प्रेम नव्हं." मग कसलं? यावर तासभर वाद झाला, चहा परत झाला, घरी आलो तरी डोक्यातनं जाईना म्हणून लिहायला बसलोय. लांबणार आहे, आणि स्पॉयलर पण आहेत, ज्यांनी बघितलं नाही त्यांनी इथंच उतरा.

माझं म्हणणं एवढंच की असल्या सिरीजमधल्या हिरोंवर आपण प्रेम करत नाही, आपल्याला त्यांचा नाद लागतो. जीव लागणं वेगळं आणि नाद लागणं वेगळं. नाद मटक्याचा पण लागतो, म्हणून कोण मटक्याला जीव लावला म्हणत नाही.

टोनीचंच बघा. पहिल्या एपिसोडला त्याच्या स्विमिंग पूलमध्ये बदकं येतात, पिल्लं काढतात, हा बाबा बाथरोब घालून तसाच पाण्यात उतरतोय त्यांना खायला द्यायला, आणि ती उडून गेली की चक्कर येऊन धाडकन पडतोय. तिथंच आपण गेलो कामातनं. मग पाचव्या एपिसोडला पोरीला कॉलेजं दाखवायला घेऊन जातो आणि मधल्या वेळात एका जुन्या खबऱ्याचा गळा आवळून येतो. १९९९ ची गोष्ट. तेव्हा सिरीज दाखवणाऱ्या एचबीओ चॅनेलवाल्यांनाच धाकधूक होती की हे बघून लोक याला टाकणार. कोण टाकलं नाही! कारण तोवर आपण त्याला बाथरोबमध्ये पेपर आणायला जाताना बघितलेलं असतंय, फ्रिज उघडून उभ्या उभ्या खाताना बघितलेलं असतंय. गल्लीतला दादा जसा ‘आपला’ असतो तसंच हे. लहानपणापासून बघतोय, गणपतीत मिरवणुकीला पुढं असतोय, अडीनडीला येतोय, म्हणून आपला. पण त्याचं स्थळ आलं तर घरातले सगळे एकदम पत्रिका जुळत नाही म्हणतील.

खरं प्रेम बघायचं असेल तर राणादा बघा की. ‘तुझ्यात जीव रंगला’ २०१६ ला सुरू झालं, शूटिंग इथंच कोल्हापूरजवळ वसगड्याला, आणि माझी आत्या शेजारच्या दोघींना घेऊन वडापनं तो वाडा बघायला गेली होती. आत जाता येईना तर बाहेरनं बघून आली आणि आठ दिवस तेच सांगत होती. तिला विचारा पोरगी देणार काय राणादाला, ती म्हणेल कालच दिली असती. आता सिरीयल म्हणून ती भारी होती असं मी अजिबात म्हणत नाही, मलापण चार एपिसोडच्या पुढं झेपली नाही. पण प्रेम म्हणाल तर ते होतं.

‘ब्रेकिंग बॅड’वर मात्र मला स्वतःचीच लाज वाटते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ६२ एपिसोड एका दमात बघितले. ड्रग्ज बनवणारा हिरो वॉल्टर त्याच्या साथीदाराच्या, जेसीच्या, मैत्रिणीच्या म्हणजे जेनच्या कॉटजवळ उभा आहे, ती उलटीनं गुदमरतेय, हात पुढं केला तर वाचेल, आणि हा नुसता बघत राहतो. बघितलं, दोन मिनिटं कसंतरी झालं, आणि पुढचा एपिसोड लावला. वॉल्टर अडकू नये म्हणून जीव मुठीत धरून बसणारा मीच. आणि राग कुणाचा आला? त्याच्या बायकोचा, स्कायलरचा! ती नुसतं विचारते रात्री कुठं होतास, पैसे कुठनं आले, तर मी आमच्या ग्रुपवर तिला शिव्या टाइप करत होतो. जगभर हेच चाललेलं. स्कायलर झालेली नटी ॲना गन, तिनं २०१३ ला न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला होता, की लोकांचा पात्रावरचा राग थेट तिच्या अंगावर येतोय. मी तो फार नंतर वाचला. तोवर शिव्या टाइप करून झालेल्या.

जेसीचं तेवढं वेगळं, हे मान्य करतो. त्याला घरी आणून ताट वाढावं, तांबडा-पांढरा भुरकू द्यावा, आणि आता झोप बाबा म्हणावं असं वाटायचं. त्याला म्हणे पहिल्या सीझनलाच मारायचं ठरलं होतं, पण जेसी झालेल्या ॲरन पॉलचं काम बघून लेखकांनी विचार बदलला. म्हणजे बनवणाऱ्यांचाच जीव लागला तिथं. ‘सक्सेशन’ ही बापाच्या कंपनीवरनं भांडणाऱ्या भावंडांची सिरीज, त्यात तर असा एकपण माणूस नाही, तरी २०२३ ला शेवटचा एपिसोड बघायला मी ऑफिसात खोटं बोललो. नाद, दुसरं काय.

तर काल आत्या आलेली घरी. म्हटलं हिलाच विचारू. वॉल्टरची गोष्ट सांगायला घेतली, केमिस्ट्रीचा मास्तर आहे म्हटल्यावर पहिला प्रश्न, "पर्मनंट हाय का?" पुढं कॅन्सर, ड्रग्ज, खून, पैशाचा ढीग, सगळं सांगितलं, अर्धा तास गेला. ती भाजी निवडत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आणि बायकू काय म्हणाली त्याला?"

मी म्हटलं, ती लई किरकिर करायची असं लोक म्हणत्यात.

"करंलच की," म्हणाली, आणि भाजीची पाटी उचलून आत गेली.