टॉन्सिलनंतर वाकडी झालेली मान: ‘तेल लावा, झटका द्या’ या मेसेजला उत्तर

मेसेज असा फिरतोय: ‘टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर मुलाची मान वाकडी झाली तर ती भुलीत उशी चुकल्याने भरलेली लचक असते. गरम तेल चोळा, हलका झटका द्या, आठवड्यात सरळ होते. एक्स-रे नॉर्मल आला की काळजी नको.’

‘लचकच असते.’ दरवेळी नाही. मान कधी वाकडी झाली, हे आधी बघा. शुद्धीवर येताच दुखत असेल तर झोपवण्याची पद्धत कारण असू शकते. काही तासांत मान अचानक ओढली गेली, डोळे वर फिरले, जबडा आवळला, तर उलटीसाठी दिलेल्या मेटोक्लोप्रमाइडसारख्या औषधाचा संशय घ्यावा. प्रोमेथॅझिनच्या इंजेक्शनने हे बहुधा अर्ध्या तासात उतरते. पण मूल घरी येऊन खेळायला लागले आणि चार-आठ दिवसांनी डोके एका खांद्याकडे कलले, हनुवटी दुसरीकडे वळली, हात लावू देईना, तर ग्रिझेल सिंड्रोम आहे का ते तपासायलाच हवे. यात मानेचा पहिला मणका दुसऱ्यावर फिरून अडकतो. जन्मजात वाकड्या मानेत डोके कललेल्या बाजूचा स्नायू आखडलेला असतो. इथे हनुवटीच्या बाजूचा ताठ लागतो.

‘उशी चुकली.’ घशामागच्या शिरा वरच्या मणक्यांभोवतीच्या शिरांच्या जाळ्याला मिळतात. दाह तिथवर पोचला की मणके बांधून ठेवणारे पट्टे, म्हणजे लिगामेंट, सैल पडतात, कुणी मान पिरगाळलेली नसली तरी. अर्थात भुलीत स्नायूंचा आधार जातो, त्यामुळे डोके टोकापर्यंत वळवण्यापेक्षा टेबल तिरके करणे बरे. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचे लिगामेंट मुळातच ढिले असतात. त्यांच्या पालकांनी ऑपरेशनआधीच भूलतज्ज्ञांशी मानेबद्दल बोलावे.

‘एक्स-रे नॉर्मल.’ वाकड्या मानेचा एक्स-रे सरळ येतच नाही, वाचायलाही अवघड. सीटी स्कॅन लागतो. पहिला मणका पुढे 3 मिमीच्या आतच सरकलाय की 5 मिमीच्या पलीकडे गेलाय, यावर उपचार ठरतात. पू साचल्याची शंका असेल तर एमआरआय.

‘झटका द्या, आठवडा थांबा.’ सगळ्यात घातक सल्ला हाच. सैल मणक्याला दिलेला झटका थेट मज्जारज्जूवर जाऊ शकतो. आणि पहिला आठवडा हाच सोप्या उपचारांचा काळ: मऊ कॉलर, दाह कमी करणारे औषध, संसर्ग असेल तर अँटिबायोटिक. त्याने सुटले नाही तर ॲडमिट करून ट्रॅक्शन, म्हणजे वजन लावून मान हळूहळू ताणणे. महिनाभर अडकलेली मान सरळ केली तरी पुन्हा फिरण्याचा धोका वाढतो, मग मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येऊ शकते.

हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, ताप किंवा गिळायला त्रास दिसला तर त्याच रात्री दवाखाना गाठा. नेताना मान सरळ करायला जाऊ नका. आहे तशीच ठेवून दोन्ही बाजूंना टॉवेलची गुंडाळी लावा.