संत्र्याच्या बागेतला ग्रास कटर आणि व्हॉट्सअॅपवरच्या सहा घातक युक्त्या

पाऊस उघडला की वरूड-मोर्शीपासून काटोल-नरखेडपर्यंत संत्र्याच्या बागांत गुडघाभर गवत उभं राहतं. निंदायला मजूर मिळत नाहीत, म्हणून मिनी ट्रॅक्टरच्या मागे ग्रास कटर जोडला जातो. कोणी त्याला स्लॅशर म्हणतं. त्याची पाती ज्या लोखंडी पेटीखाली फिरतात तिला डेक म्हणतात, आणि ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणाऱ्या जोडणीला पीटीओ. याच दिवसांत शेतकऱ्यांच्या गटांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा:

“कंपनीवाले सांगणार नाहीत अशा सहा युक्त्या. 1) डेकच्या पुढच्या-मागच्या साखळ्या काढून टाका, गवत मोकळं पडतं, डेक चोंदत नाही. 2) डेक जमिनीला टेकवूनच चालवा, दोन कापण्यांचं काम एकात होतं. 3) पात्यांना धार लागत नाही, वेगच कापतो, एक पातं तुटलं तर एकच बदला. 4) शेअर बोल्ट सारखा तुटत असेल तर हाय टेन्साइल बोल्ट टाका. 5) पीटीओ शाफ्टचं प्लास्टिक कव्हर काढून फेका, ग्रीसिंग सोपं होतं. 6) गवत अडकलं तर पीटीओ बंद करा, हायड्रॉलिकवर डेक उचला आणि काढा, इंजिन बंद करायची गरज नाही.”

माझं काम अवजारं दुरुस्तीचं आहे. या सल्ल्यांवर चाललेले ग्रास कटर माझ्याकडे येतात, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतोय. क्रम मात्र माझा आहे. पाचव्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात माणूस जातो.

पीटीओ शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. जॉइंटजवळ त्याची जाडी चार इंच धरा. एका फेऱ्यात फूटभर कापड गुंडाळलं जातं, एका सेकंदात नऊ फूट. आपला खांद्यावरचा दुपट्टा सहा-सात फुटांचा असतो. टोक अडकलं की पुरा दुपट्टा आत जायला सेकंदभरसुद्धा लागत नाही, आणि काय होतंय हे समजून अंग मागे घ्यायलाच माणसाला तेवढा वेळ लागतो. बागेत काम करणाऱ्या बायांचा पदर, पोरींची ओढणी, सैल बाही, सगळ्यांचा हिशोब हाच.

ते प्लास्टिकचं कव्हर शोभेचं नाही. शाफ्ट आत फिरत असताना ते वेगळं, मोकळं राहावं अशीच त्याची रचना असते. कशाला तरी टेकलं तर कव्हर थांबतं आणि शाफ्ट आतल्या आत फिरत राहतो. त्याच्या टोकाला एक बारीक साखळी असते, ती ट्रॅक्टरच्या किंवा अवजाराच्या न हलणाऱ्या भागाला अडकवायची म्हणजे कव्हर सोबत फिरत नाही. माझ्याकडे येणाऱ्या शाफ्टांवर कव्हर असलं तरी ही साखळी बहुतेक वेळा तुटलेलीच असते. इंजिन बंद करून कव्हर हाताने फिरवून बघा. अडखळत असेल तर त्याच्या आतल्या रिंगा साफ करा, झिजल्या असतील तर बदला. ग्रीसिंगचं म्हणाल, तर बऱ्याच कव्हरना ग्रीस भरायच्या निपलच्या जागी भोक दिलेलं असतं, नाहीतर कव्हर थोडं मागे सरकवता येतं. दोन मिनिटांचं काम आहे. थ्रेशरने लोकांचे हात जायला लागले तेव्हा संसदेला 1983 मध्ये धोकादायक यंत्रे (विनियमन) कायदा करावा लागला. सोयाबीन काढताना आपण थ्रेशरपासून लेकरांना लांब ठेवतो. पीटीओचा उघडा शाफ्ट त्याच जातीचा आहे, आणि त्याच्याजवळून आपण बिनधास्त ये-जा करतो.

आता पहिली युक्ती, साखळ्यांची. चार फुटी डेकमध्ये पाती मिनिटाला हजार फेरे घेत असतील तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटर पडतो. त्या टोकाला लागलेला खडा, तारेचा तुकडा, निसटलेला नट बाहेर पडताना वाटेत फक्त त्या साखळ्या असतात. दगड 300 फुटांपर्यंत उडू शकतो, असा इशारा अशा यंत्रांच्या अनेक पुस्तिकांत छापलेला असतो. चौकोनी एकराची बाजू साधारण 208 फूट भरते. म्हणजे धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याच्या वावरात निंदणारी बाईसुद्धा त्या टप्प्यात येते. शेतकरी अपघातासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची सानुग्रह अनुदान योजना आहे, तीत एक डोळा गेला तर 1 लाख रुपये मिळतात. त्यात डोळा परत येत नाही.

डेक चोंदतो हे मात्र खरं आहे, ती तक्रार मी रोज ऐकतो. पण चोंदण्याचं कारण साखळी नाही. सकाळी दंवात कापायला घेतलेलं गवत, बोथट पाती आणि डिझेल वाचवायला कमी ठेवलेला थ्रॉटल ही खरी कारणं. पीटीओ पूर्ण 540 वर ठेवा आणि वेग गिअरने कमी करा, थ्रॉटलने नाही. गवत फारच वाढलं असेल तर पहिला फेरा उंचावरून मारा, दुसरा खालून. आणि साखळीच्या दोन-चार कड्या तुटल्या असतील तर त्या भरून घ्या, दगड बरोबर त्याच फटीतून निघतो.

डेक टेकवून चालवण्याने बाग बिघडते आणि यंत्रही बिघडतं. पाती मातीत घुसली की धार दोन तासांत जाते. काळ्या मातीत वर आलेले चुनखडीचे खडे पात्याला तडा देतात आणि ठिबकच्या नळ्या कापल्या जातात. गवताची मुळं उघडी पडली की ऊन लागताच जमीन भेगाळते. कापणीची उंची तीन-चार इंच ठेवा. कापलेलं गवत झाडाखाली पसरलं की त्याचं आच्छादन होतं, ओल टिकते. गवत परत लवकर येतं म्हणून लोक डेक खाली घेतात, पण संत्र्याच्या दोन ओळींत थोडं गवत असलं म्हणून काही बिघडत नाही. बिघडतं ते डेकची कड खोडाला घासली की. साल निघालेल्या जागेतून बुरशी शिरते आणि डिंक्या लागतो, म्हणजे खोडातून डिंक गळायला लागतो. खोडाभोवती दोन-तीन फूट विळ्यानेच कापा, तिथे यंत्र नेऊच नका.

उंची लावायची पद्धत सांगतो, कारण ही गोष्ट कोणी धड दाखवत नाही. आधी ट्रॅक्टरच्या मागच्या दोन्ही टायरांची हवा सारखी करा. एका बाजूला हवा कमी असेल तर डेक तिरका बसतो आणि तुम्ही उगाच लिफ्ट रॉड (अवजार उचलणारे बाजूचे दांडे) फिरवत बसता. मग सपाट खळ्यावर किंवा सिमेंटच्या ओट्यावर डेक हव्या त्या उंचीला आणून खाली भक्कम लाकडी गुटके द्या, इंजिन बंद करा, किल्ली खिशात टाका. पातं लाकडाने फिरवून टोक पुढे आणा, जमिनीपासूनची उंची टेपने मोजा. तेच टोक मागे फिरवा, परत मोजा. पुढची बाजू मागच्यापेक्षा एक-दोन सेंटिमीटर खाली हवी. टॉप लिंक, म्हणजे ट्रॅक्टर आणि अवजार यांना जोडणारा वरचा मधला दांडा, फिरवून ते जमवा. मग डावं-उजवं मोजा, ते सारखं पाहिजे. ते उजव्या लिफ्ट रॉडने जमतं. पुढची बाजू खाली असली की पातं गवत एकदाच कापतं. मागची बाजू खाली राहिली तर कापलेलंच परत कापत बसतं, ट्रॅक्टर ओढायला लागतो आणि डिझेल जातं. पऱ्हाटीचा बारीक भुगा करायचा असेल तेव्हा मागची बाजू थोडी खाली घेतात, पण त्याला ताकद जास्त लागते, मिनी ट्रॅक्टरवर तो हट्ट धरू नये. शाळा-कॉलेजच्या मैदानावर चालणाऱ्या मोठ्या राइड-ऑन मॉवरच्या डेकलाही हाच उतार असतो, फक्त तिथे तो 3 ते 6 मिलिमीटर इतकाच ठेवतात. शेवटी डेकच्या दोन्ही कडांच्या घसरपट्ट्या त्या उंचीला बसवून घट्ट करा.

तिसऱ्या युक्तीत अर्धं सत्य आहे. स्लॅशरच्या पात्याला वस्तऱ्यासारखी धार नको, हे बरोबर. कडेला दीड मिलिमीटरचा बोथटपणा ठेवावा, नाहीतर धार लगेच मुडपते. पण धार लागतच नाही, हे चूक. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं. कंपनीने दिलेल्या उताराप्रमाणे फक्त वरच्या बाजूने घासा, आणि ग्राइंडरवर पातं निळं पडेपर्यंत तापवू नका, त्याचं पाणी उतरतं, म्हणजे पोलाद नरम पडतं.

एकच पातं बदलायचा सल्ला तर साफ चुकीचा. समजा नव्या आणि झिजलेल्या पात्यात 50 ग्रॅमचा फरक आहे, केंद्रापासून अर्ध्या मीटरवर. हजार फेऱ्यांना तो फरक गिअरबॉक्सच्या शाफ्टला जवळपास 28 किलोच्या जोराने बाहेर ओढतो, आणि ही ओढ सेकंदाला सोळा-सतरा वेळा दिशा बदलते. त्यातून आधी बेअरिंग जातं, मग सील, मग डेकच्या पत्र्याला वेल्डिंगजवळ तडा. पाती जोडीनेच बदला. घासल्यावर दोन्ही किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून बघा, जड असेल ते अजून घासा. पात्याचे बोल्ट आणि नटही नवेच टाका, जुना झिजलेला बोल्ट तसाच ठेवणं म्हणजे पातं सुटण्याची वाट बघणं. पाती बोल्टवर मोकळी झुलतात का, हेही हाताने हलवून बघा. दगड लागला की त्यांनी मागे झुकायचं असतं.

शेअर बोल्ट मुद्दाम नरम ठेवलेला असतो. घरच्या बोर्डातल्या फ्यूजसारखं त्याचं काम, धसकट किंवा दगड लागला की स्वतः तुटायचं आणि बाकी सगळं वाचवायचं. तिथे हाय टेन्साइल, म्हणजे जास्त मजबूत पोलादाचा बोल्ट टाकला की तुटायची पाळी शाफ्टच्या जॉइंटमधल्या क्रॉसवर, गिअरच्या दातांवर, वेळ वाईट असेल तर ट्रॅक्टरच्या पीटीओवर येते. शंभर रुपयांच्या आतलं दुखणं हजारांवर जातं. तुटलेला बोल्ट फेकू नका, हातात घेऊन नीट बघा. कापल्यासारखा सरळ तुटला असेल तर एकाच झटक्यात गेलाय: काहीतरी लागलं, किंवा जास्त थ्रॉटलवर पीटीओ जोडला. मधे घासून कंबर पडली असेल तर बोल्ट सैल होता किंवा भोक मोठं झालंय. अशा भोकात कितीही बोल्ट टाका, तुटतच राहतील. डेकखालीही डोकवा. ठिबकची नळी, सुतळी, खताच्या पोत्याचा प्लास्टिकचा धागा पात्याच्या शाफ्टभोवती गुंडाळतो आणि गिअरबॉक्सचं सील कापतो. तेल झिरपतं, बेअरिंग आवळतं आणि बोल्ट तुटायला लागतात. ज्यांच्याकडे बोल्टऐवजी स्लिप क्लच (जास्त ताण आला की प्लेटा घसरू देणारा क्लच) आहे त्यांनी दिवाळीपासून आषाढापर्यंत उभ्या राहिलेल्या क्लचवर भरवसा ठेवू नये. प्लेटा गंजून चिकटतात. हंगामाआधी स्प्रिंगा ढिल्या करून दोन-तीन सेकंद घसरू द्या, मग पुस्तिकेत दिलेल्या मापाला परत आवळा.

उरली सहावी. पीटीओ बंद केला तरी जड पाती लगेच थांबत नाहीत, कितीतरी सेकंद फिरत राहतात, आणि डेकखाली ती दिसतही नाहीत. हायड्रॉलिकवर उचललेला डेक फक्त तेलाच्या दाबावर लटकलेला असतो. कोणाचा लिव्हरला धक्का लागला, पाइप फुटला, सील गेलं, की तो खाली येतो. इंजिन चालू असेल तर पीटीओचा दांडाही चुकून पडू शकतो. म्हणून पीटीओ बंद, हँडब्रेक, इंजिन बंद, किल्ली खिशात, पाती पूर्ण थांबेपर्यंत थांबणं, दोन्ही बाजूंना गुटके, आणि मगच काठीने गवत काढणं. याला पाच मिनिटं लागतात. ट्रॅक्टर तासाच्या भाड्याने आला असेल तर ड्रायव्हर नेमकी हीच पाच मिनिटं वाचवायला बघतो, कारण पुढचं गिऱ्हाईक वाट बघत असतं. काम सुरू व्हायच्या आधीच त्याला सांगून ठेवा, भाऊ, अडकलं तर सगळं बंद करून काढ, तो वेळ माझ्या हिशोबात धर.