टायर बदललात तेव्हाच गिअर बदललात: ‘३३ इंचापर्यंत काही लागत नाही’ या दाव्याला उत्तर

ऑफरोडिंग करणाऱ्यांमध्ये एक मजकूर बराच काळ फिरतो आहे. त्याचा सारांश असा. ३३ इंची टायरपर्यंत एक्सलचा गिअर रेशो (चाकाच्या एका फेऱ्यासाठी एक्सलकडे येणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, किती फेरे घेतो तो आकडा) बदलावा लागत नाही, कंपनीने तेवढी जागा ठेवलेलीच असते. ताकद लागेल तिथे फोर-लो, म्हणजे चारही चाकं ओढणारी संथ रेंज, आहेच. टायर मोठा झाला की हायवेवर आरपीएम उतरतो, त्यामुळे ॲव्हरेज वाढतं, आणि क्राउन-पिनियन (एक्सलच्या आतली, रेशो ठरवणारी दात्यांची जोडी) बदललं की तेच ॲव्हरेज पडतं. पिकअप कमी वाटला तर रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये बदल, करून घ्या. तरीही गिअर बदलायचेच असतील तर डोळे मिटून ४.८८ टाका, आधी मागचा एक्सल करा, पुढचा सवडीने. नवी गाडी घेतलेली मुलं हे वाचून टायर आणतात आणि काही महिन्यांत जळालेली क्लच प्लेट घेऊन बसतात. म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर देतो.

आधी मुळातला गैरसमज. ‘गिअर न बदलता मोठे टायर’ असं काही नसतंच. इंजिनाच्या दृष्टीने टायर हा शेवटचा गिअर आहे. २३५/७५ आर १५ मापाचा टायर साधारण २९ इंच उंच भरतो. त्या गाडीचा एक्सल ४.१० चा असेल आणि तुम्ही ३३ चे टायर बसवले, तर ४.१० ला २९ ने गुणून ३३ ने भागा: ३.६० येतात. एक्सलच्या आत एकही दाता हललेला नाही, पण गाडी आता ३.६० चा एक्सल असल्यासारखी चालते. तेवढंच टॉर्क (फिरवण्याची ताकद) चाकाला मिळालं तरी जमिनीवर पडणारा जोर १२ टक्क्यांनी घटला. कंपनीने त्या इंजिनाला, त्या वजनाला ३.६० दिलं असतं का? द्यायचं असतं तर दिलं असतं.

आणि कंपनीने ‘जागा ठेवलेली असते’ म्हणणाऱ्यांनी कंपन्या स्वतः काय करतात ते पाहावं. जीप रँग्लर रुबिकॉन ३३ इंची टायरवर ४.१० च्या एक्सलसह यायची. २०२१ मध्ये जीपने त्याच गाडीला कारखान्यातूनच ३५ इंची टायर द्यायला सुरुवात केली, त्या एक्स्ट्रीम रिकॉन पॅकेजमध्ये एक्सल ४.५६ चा दिला. टायर फक्त दोन इंचांनी वाढला होता. गिअरबॉक्स आठ स्पीडचा, ट्रान्सफर केसचा (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारा, हाय आणि लो रेंज देणारा डबा) लो ४:१ इतका खोल, तरीही गिअर बदलले. शिवाय नुसता फरक भरून काढायला ४.३५ पुरला असता. त्यांनी त्याच्याही पुढचा आकडा घेतला. याचं कारण उंचीच्या हिशोबात दिसत नाही, वजनाच्या हिशोबात दिसतं. मोठ्या टायरचं वाढलेलं वजन बहुतेक कडेला असतं. कडेचं एक किलो वजन वेग घेताना जवळजवळ दोन किलोंसारखं वागतं, कारण ते पुढेही ढकलायचं असतं आणि गरगरा फिरवायचंही असतं. त्यात रुंद टायरचा रस्त्याशी वाढलेला रोध, आणि सस्पेन्शन वाढवून उंच केलेल्या गाडीला लागणारा वारा. म्हणून २९ वरून ३३ वर जाताना गुणाकार ४.६७ सांगत असला, तरी ती किमान रेघ समजायची.

दाव्यात जेवढं खरं आहे तेवढं मान्य करतो. एखाद्या इंचाची वाढ असेल, म्हणजे २९ वरून तीस-साडेतीस, तर फरक पाचेक टक्क्यांचा. तेवढ्यासाठी दोन्ही एक्सल उघडू नयेत, मीही उघडणार नाही. आठ स्पीडच्या ऑटोमॅटिकमध्ये पहिल्या आणि शेवटच्या गिअरमधलं अंतर मोठं असतं. झेडएफ कंपनीच्या ८एचपी गिअरबॉक्समध्ये पहिला ४.७१ आणि आठवा ०.६७, म्हणजे सातपट. अशा गाडीत फरक बराच काळ झाकला जातो. पाच स्पीडच्या मॅन्युअलमध्ये तो पहिल्याच चढावर उघडा पडतो.

आता फोर-लोचा मुद्दा. लो रेंज दगडांत, चिखलात, वाळूत लागते. पण गाडीचा बहुतेक वेळ हाय रेंजमध्ये जातो. चढावर थांबून पुन्हा निघणं, ट्रेलर घेऊन रिव्हर्स येणं, सामान भरून घाट चढणं, हे सगळं हायमध्ये होतं आणि क्लच तिथेच जळतो. पार्ट-टाइम फोर-व्हील गाडीत कोरड्या पक्क्या रस्त्यावर फोर-लो लावता येत नाही. वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो ताण ट्रान्सफर केसमध्ये साठतो.

बरं, लोमध्ये तरी सगळं ठीक राहतं का? पहिला गिअर ४.०, लो २.७, एक्सल ४.१० धरा. गुणाकार ४४.३. मोठ्या टायरवर तो ३८.९ सारखा वागतो. ८०० आरपीएमच्या आयडलवर आधी गाडी ताशी अडीच किलोमीटरने सरपटायची, आता २.८५ ने. आकडा किरकोळ वाटतो, पण मोकळ्या गोट्यांच्या उतारावर हाच फरक ब्रेकला पाय लावायला भाग पाडतो. इंजिन ब्रेकिंगवर संथपणे उतरणारी गाडी आणि ब्रेकवर घसरत उतरणारी गाडी यांत किती अंतर आहे, हे उतारावर बसलेल्याला विचारा. आणि ब्रेकचं म्हणाल तर पॅडलवर तोच दाब देऊन टायर जमिनीला आता १२ टक्के कमी जोराने अडवतो. हा तोटा कुठलाही क्राउन-पिनियन भरून काढत नाही. त्यासाठी ब्रेकच वाढवायला हवेत. दाव्यात ब्रेकचा शब्दही नाही.

ॲव्हरेजचा मुद्दा सगळ्यांत जास्त लोकांना पटतो, म्हणून त्यावर थोडा वेळ घालवू. आरपीएम काढायचं साधं गणित: ताशी किलोमीटर गुणिले गिअरबॉक्सचा रेशो गुणिले एक्सलचा रेशो गुणिले २०९, भागिले टायरची इंचांतली उंची. पाचवा गिअर ०.८ असेल, एक्सल ४.१० आणि वेग १००, तर २९ च्या टायरवर सुमारे २,३६० येतात आणि ३३ वर २,०८०. कागदावर छान दिसतं. सपाट रस्ता, वारा पडलेला, वेग स्थिर असेल तर कमी आरपीएमचा थोडा फायदा होऊही शकतो, ते मी नाकारत नाही. पण तीच गाडी ८० वर आणा: १,८९० चे १,६६० झाले. बऱ्याच टर्बो डिझेलमध्ये टर्बो नीट जागा होतो तो याच सुमारास. त्याच्या खाली इंजिन घुसमटतं, तुम्ही रेस वाढवता, तरी गाडी उचलत नाही, मग चौथा टाकता. थोड्याच दिवसांत पाचवा गिअर नावालाच उरतो. माझ्या गाडीवर ४.१० आणि ३३ हे मी वर्षभर चालवलं. जरा चढ आला की चौथा, आणि चौथ्यात इंजिन आधीच्या पाचव्यापेक्षा वर ओरडायचं. ऑटोमॅटिक असेल तर हीच ओढाताण गिअरबॉक्स करतो: वरचा गिअर टाकतो, काढतो, पुन्हा टाकतो. टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असलेला, तेलावर चालणारा भाग) लॉक राहत नाही आणि तेल तापतं.

त्यातही मोठी फसगत मोजण्यात आहे. ३३ च्या टायरवर गाडी खरोखर ५०० किलोमीटर चालली, तरी ओडोमीटर ४३९ दाखवतो. म्हणजे मोठे टायर टाकून ‘ॲव्हरेज पडलं’ म्हणणाऱ्यांपैकी अनेकांचं काही अंशी कागदावरच पडलेलं असतं. पुढे गिअर बदलले आणि स्पीडचा सेन्सर गिअरबॉक्सच्या किंवा ट्रान्सफर केसच्या बाजूला असेल, तर मीटर पुन्हा जवळपास खरं बोलू लागतो आणि ॲव्हरेज ‘वाढल्याचा’ भास होतो. सेन्सर चाकांवर असेल, तर गिअर बदलून मीटर जराही हलत नाही. त्याला टायरचं नवं माप कॅलिब्रेशनने कळवावं लागतं. ही दुरुस्ती न करता सांगितलेला ॲव्हरेजचा कोणताही आकडा, मग तो माझ्या बाजूचा असो की त्यांच्या, पुरावा म्हणून घेऊ नका. आणि मीटरवर १०० दिसत असताना तुम्ही ११४ ने जात असता, हे मागे घरचे लोक बसलेले असताना लक्षात ठेवा.

रिमॅपबद्दल थोडक्यात. टर्बो डिझेलमध्ये रिमॅपने टॉर्क वाढतं ते बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, आल्यावर. निघतानाच्या आरपीएमला, जिथे मोठा टायर खरा नडतो, तिथे फारसं काही बदलत नाही. वर जुन्याच क्लचवर वाढीव टॉर्कचा बोजा येतो.

‘सरळ ४.८८ टाका’ हा सल्ला मला पहिल्या सल्ल्याइतकाच चुकीचा वाटतो. एक्सलचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. सुझुकी सामुराईचा एक्सल ३.७३ चा, ऐकायला अगदी उंच, म्हणजे वेगाचा आणि कमी ताकदीचा. पण तिच्या ट्रान्सफर केसची हाय रेंज एकास एक नाही, १.४०९ आहे. दोन्ही गुणले की ५.२६. बहुतेक गाड्यांमध्ये हाय एकास एकच असते, म्हणून लोक हा भाग विसरतात आणि दुसऱ्याचा आकडा आपल्या गाडीला लावतात. वरच्या उदाहरणात ४.५६ टाकला तर १०० ला २,३१० येतात, मूळच्या २,३६० च्या किंचित खाली, ४.८८ टाकला तर २,४७०. हलकी गाडी, लांबचे हायवे प्रवास आणि अधूनमधून जंगल असेल तर ४.५६ पुरतो. विंच, रॅक, लोखंडी बंपर, स्टेपनीही ३३ ची, आणि गिअरबॉक्स पाच स्पीडचा मॅन्युअल असेल तर मी ४.८८ घेईन, आणि माझ्या गाडीला तोच घेतला. त्याच्या पुढे जायला किंमत पडते. ४.१० म्हणजे पिनियनच्या १० दात्यांना क्राउनचे ४१, ४.५६ म्हणजे ९ ला ४१; ४.८८ म्हणजे ८ ला ३९. आकडा वाढतो तसं पिनियनचं डोकं लहान होतं आणि एकाच हाउसिंगमध्ये दात कमजोर होत जातात. प्रोपेलर शाफ्टही जास्त फिरतो. ३३ वर ५.३८ टाकला तर १०० च्या वेगाला शाफ्ट ३,४०० फेरे घेतो, मूळचा २,९५० घेत होता. गाडी उंच (लिफ्ट) केल्याने शाफ्टचे सांधे आधीच तिरके झाले असतील, तर ही थरथर सीटपर्यंत येते.

टायरचं माप मात्र कडेवर छापलेलं धरू नका. गाडी सपाटीवर उभी करा, नेहमीची हवा आणि नेहमीचं सामान ठेवा, जमिनीपासून हबच्या मध्यापर्यंत मोजा आणि दुप्पट करा. ‘३३’ लिहिलेला टायर बहुधा त्याहून कमीच भरतो.

बसवणाऱ्याचा हातही आकड्याइतकाच महत्त्वाचा. पिनियनची खोली, बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला ताण), बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक), आणि रंग लावून दात्यांवर उमटलेला ठसा, हे चारही जुळायला हवेत. बॅकलॅश बहुतेक एक्सलमध्ये ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरच्या आत ठेवतात. काही एक्सलमध्ये ठरावीक रेशोच्या पुढे डिफरेन्शियलचा कॅरिअरही (क्राउन ज्यावर बसतो तो भाग) बदलावा लागतो: डाना ३० या एक्सलमध्ये ३.५५ पर्यंत एक, ३.७३ पासून दुसरा. नवीन जोडी बसल्यावर पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं हळू चालवून पूर्ण थंड होऊ द्यायची, असं काही वेळा करायचं. पहिले सात-आठशे किलोमीटर ट्रेलर ओढायचा नाही, नंतर तेल बदलायचं. नव्या जोड्या जास्त करून उष्णतेने मरतात.

आणि ‘आधी मागचा, पुढचा सवडीने’. या एका वाक्यासाठी हा मजकूर पुढे पाठवणं थांबवावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. मागे ४.८८ आणि पुढे ४.१० असताना फोर-व्हील लावलंत, तर मागची चाकं १०० मीटर जातील तेवढ्यात पुढची ११९ मीटर जायला बघतील. चिखलात टायर घसरून वेळ निभेल. खडकावर किंवा पक्क्या जमिनीवर ट्रान्सफर केसची साखळी, युनिव्हर्सल जॉइंट किंवा एक्सल शाफ्ट यांतलं काहीतरी तुटेल. दोन्ही एकदम करता येत नसतील तर पैसे साठेपर्यंत जुन्या मापाच्या टायरवर राहा. जुना एक्सल विकत घेत असाल तर विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. एक चाक उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या, प्रोपेलर शाफ्ट मोकळा ठेवा, त्यावर खडूची खूण करा. डिफरेन्शियल साधं, लॉक नसलेलं असेल तर उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. चार आणि वर अर्ध्याहून जरासे जास्त म्हणजे ४.५६, पाचाला थोडे कमी म्हणजे ४.८८. मग तेच पुढच्या एक्सलवर करा.