शेवाळ म्हणजे विष? त्या मेसेजमध्ये काय काय चुकलंय

एक मेसेज बराच फिरतोय: ‘हिरवं पाणी म्हणजे शेवाळ. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर नुसते हिरवे ठिपके. ते घाण पाण्यातच होतं आणि विषारी असतं. पाणी उकळलं की विष जातं.’ शेवटचं वाक्य जिवावर बेतू शकतं, म्हणून हे लिहितोय.

‘नुसते ठिपके’ म्हणणाऱ्याने मायक्रॅस्टेरियस एकदा तरी पाहावं. डेस्मिड गटातलं हे हिरवं शैवाल. अख्खा जीव एका पेशीचा. अनेक जातींत लांबी १०० ते ३०० मायक्रोमीटर. चपटी चकती, आणि मधोमध दोन्ही बाजूंनी इतकी खोल खाच की दोन अर्धुकं अरुंद कंबरेपुरतीच जोडलेली राहतात. केंद्रक त्या कंबरेत, हरितलवक दोन्ही अर्धुकांत एकेक. कडेला पाकळ्या, पाकळ्यांना पुन्हा फाटे. पेशी विभागते तीही कंबरेतच, आणि मग प्रत्येक अर्धुक आपला जोडीदार नव्याने घडवतं: आधी गुळगुळीत फुगवटा, मग त्याला एकेक खाच पडत जाते. म्हणून प्रत्येक पेशीची एक बाजू दुसरीपेक्षा वयाने मोठी असते! त्याच गटातलं क्लोस्टेरियम चंद्रकोरीसारखं. त्याच्या टोकांशी बारीक स्फटिक सतत थरथरत असतात.

‘घाण पाण्यातच होतं’ हे तर मायक्रॅस्टेरियसच्या बाबतीत उलटंच आहे. त्याला पोषकद्रव्यं कमी असलेलं, किंचित आम्लधर्मी, स्वच्छ पाणी मानवतं. पीटच्या दलदली, स्फॅग्नम मॉसची डबकी, पाणवनस्पतींच्या बुडालेल्या पानांवरचा बुळबुळीत थर, इथे ते सापडतं. सांडपाणी आणि खतं मिसळू लागली की अशा जागांतल्या डेस्मिडांच्या जाती कमी होतात. क्लोस्टेरियमच्या काही जाती मात्र पोषकद्रव्यांनी भरलेल्या पाण्यातही टिकतात, हेही खरं.

विषाचं म्हणाल तर डेस्मिड विष बनवत नाहीत. मायक्रोसिस्टिससारखे सायनोबॅक्टेरिया बनवतात. त्यांना ‘निळं-हिरवं शैवाल’ म्हणायची सवय आहे, घोटाळा तिथेच होतो. ते जिवाणू आहेत. त्यांच्या पेशीत ना केंद्रक, ना हरितलवक. पाण्यावर रंग सांडल्यासारखा हिरवा तवंग दिसला तर त्यांचाच संशय घ्यावा आणि माणसांना, गुराढोरांना त्या पाण्यापासून लांब ठेवावं.

तेच पाणी उकळून प्या, असं हा मेसेज सांगतो. मायक्रोसिस्टिन, म्हणजे मायक्रोसिस्टिस बनवतं ते विष, उकळण्याने नष्ट होत नाही. उलट पेशी फुटून आतलं विष पाण्यात उतरतं.